परवानगी नसलेला डीजे

नंदुरबार जिल्ह्यात लग्नसराई सुरू झाल्याची बातमी पंचांगाआधी खिडकीच्या काचा देतात. हळदीच्या संध्याकाळी काच थरथरते, पत्रा बोलायला लागतो, मांडणीवरची स्टीलची भांडी आपसात भांडतात, आणि मग गल्लीच्या तोंडाशी ट्रकभर स्पीकर वळण घेताना दिसतात. नवरदेव मागून येतो. त्याला घाई नसते. समारंभाचा खरा मानकरी पुढे गेलेला असतो.

रात्री दहा वाजता कायद्याप्रमाणे हा मानकरी झोपतो. (झोपतो असं धरून चालू. सदर तिरकस असलं तरी भाबडेपणाला थोडी जागा ठेवावी लागते.) वऱ्हाड जेवून पांगतं, जनरेटर गार होतो, आणि नेमका तेव्हाच दुसरा डीजे सुरू होतो. हा कानात असतो. त्याला डिझेल लागत नाही, ऑपरेटर लागत नाही, पोलीस ठाण्याचा कागद लागत नाही. गाणं एकच, ईंऽऽऽ. कुणाकडे रातकिडा, कुणाकडे लांबलेली शिट्टी, कुणाकडे समुद्राची गाज, तीही सातपुड्याच्या पायथ्याशी. सकाळी ओट्यावर बसलेले आबा सांगतात, "मना कानमा भुंगा शिरेल शे, भो." शेजारचे नाना विचारतात, "काय?" नानांच्या कानातही भुंगाच असतो.

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. सुश्रुतानं कानाचे अठ्ठावीस रोग मोजले, त्यात कर्णनाद आहेच. म्हणजे डीजे नव्हते तेव्हाही कान वाजत होते, हा मुद्दा डीजेवाल्यांनी वकिलाला द्यायला हरकत नाही. २०२२ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एक गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दर शंभर प्रौढांत सुमारे चौदा जणांना हा आवाज येतो, एकूण ७४ कोटींहून अधिक माणसांना. एवढ्या मतदारांचा पक्ष असता तर आतापर्यंत त्याचे दोन गट झाले असते आणि चिन्हासाठी भांडत असते.

हा आवाज येतो कुठून? कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी नळी आहे. तिच्यात जन्मतः पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरीवर त्या डोलतात आणि मेंदूला वर्दी देतात. मोठ्या आवाजानं त्या मोडतात. कोंबडीच्या मोडलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. निसर्गानं हा लाभ कोंबडीला दिला, आपल्याला डीजे दिला. पेशी मोडल्या की त्या सुरांची वर्दी बंद होते. मग मेंदू काय करतो? आवाज कमी येतोय असं समजून तो आतलं बटण वाढवतो. बाहेरून काही येत नसताना बटण वाढवलं की जी खरखर ऐकू येते, तीच ही ईंऽऽऽ. थोडक्यात, प्रत्येक डोक्यात एक डीजे ऑपरेटर आहे आणि तोही आवाज वाढवण्याच्याच बाजूचा आहे.

"पण दुसऱ्या दिवशी कान मोकळा होतो की!" असं तरुण मंडळी सांगतात. होतो, बऱ्याचदा होतो. मात्र २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या बॉस्टनच्या संशोधकांनी उंदरांना दोन तास मोठ्या आवाजात ठेवलं. काही दिवसांनी त्यांचं ऐकणं तपासणीत पुन्हा ठीक दिसू लागलं, पण आत पाहिलं तर केसपेशी आणि श्रवणाची नस यांचे निम्म्यापर्यंत जोड कायमचे तुटलेले होते. कान मोकळा झाल्याचा दाखला मिळाला, तरी आतली वायरिंग गेली. आपल्याकडच्या अनेक सरकारी इमारती अशाच पूर्णत्वाचा दाखला घेऊन उभ्या आहेत.

कानाची मूळ खोड अशी की तो वेळेवर ओरडत नाही. नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरची वाळत असताना वाऱ्याच्या दिशेला उभे राहा, डोळे आणि नाक तत्काळ तक्रार नोंदवतात, माणूस पळतो. कानाला आवाज असा झोंबत नाही. दुखायला लागतो तो १२० डेसिबलच्या पुढे, बिघडायला लागतो ८५ पासून. मधल्या पस्तीस डेसिबलांत आपली सगळी लग्नं होतात.

आता थोडं गणित. हे गणित वरबापांनी करावं, कारण बिल तेच भरतात. डेसिबलची मोजणी साधी नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर जायचं नाही. शाळा, दवाखाना आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत त्याहूनही कमी. स्पीकरच्या भिंतीपाशी आकडा शंभर सहज ओलांडतो. १०५ धरला, तर ५५ च्या मानानं ऊर्जा एक लाखपट होते. हुंडा घेत नाही म्हणून छाती फुगवणारे व्याही या लाखाबद्दल बोलत नाहीत.

अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था सांगते की ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतील, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पंधरा मिनिटं. १०६ ला चार मिनिटंही पुरी नाहीत. आपली वरात एका चौकातून पुढच्या चौकात जायला दोन तास घेते, कारण मधे नवरदेवाचे मित्र लागतात. त्यांच्या खांद्यावर दोन वर्षांचं भाचरू असतं आणि भाचराचं तोंड थेट स्पीकरकडे असतं. त्याचा व्हिडिओही काढतात, "बघा कसा नाचतोय!" तो नाचत नसतो, उतरायला बघत असतो.

तक्रार करायची? करून बघा. संवाद साधारण असा होतो.

"साहेब, आमच्या गल्लीत डीजे फार मोठ्यानं चाललाय."

"काय?"

"डीजे, साहेब! मोठ्यानं!"

"मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

"तुमच्याकडेही वाजतोय का?"

"नाही हो. काल मिरवणुकीच्या बंदोबस्ताला होतो."

हसू नका. बंदोबस्तावरचा शिपाई हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त कान आहे. नाचणारा थकला की घरी जातो, याला स्पीकरशेजारी शेवटपर्यंत उभं राहावं लागतं आणि आवाज कमी करायला सांगितला तर नेत्याचा फोन येतो. तो फोनही त्याला नीट ऐकू येत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

नवापूरकडे वेगळी पळवाट निघते. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. त्यामुळे "हा आवाज आमच्या हद्दीतला नाही" हे वाक्य दोन्ही बाजूंना तोंडपाठ असतं. पण ध्वनीचे नियम केंद्राचे आहेत. रुळाच्या अलीकडे ५५ आणि पलीकडेही ५५. बाटलीला हद्द बदलली की कायदा बदलतो, कानाला नाही.

मग संस्कृतीचा मुद्दा येतो. तो यायलाच हवा, त्याशिवाय आपली कुठलीही चर्चा पूर्ण होत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी बघा. डोंगरातून पाड्यापाड्यांची माणसं चालत येतात, मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं. रात्रभर ढोल घुमतो आणि पहाटे होळी पेटते. "मग ढोल चालतो आणि डीजे का नाही?" प्रश्न रास्त आहे. कानाला परंपरा कळत नाही, डेसिबल कळतात. ढोलाशेजारी उभ्या असलेल्या ढोल्याच्या कानाला धोका आहेच, आणि तो आधी त्यालाच आहे. पण ढोलाला माणूस लागतो आणि माणसाला दम लागतो. मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. गल्लीत तो दोन भिंतींमधे अडकतो, समोरच्या घरातल्या बाळंतिणीला मागे सरायला जागा नसते, आणि डीजेला दम लागतच नाही. आदिवासींच्या ढोलाचं नाव पुढे करून शहरातल्या बेसचं समर्थन करणाऱ्यांनी एकदा तरी काठीला पायी चढून जावं. वर पोचेपर्यंत वाद घालण्याइतका दम उरला, तर पुढे बोलू.

आणि मोठा आवाज म्हणजे मोठेपणा, हे नंदुरबारला कुणी शिकवलं? ९ सप्टेंबर १९४२ ला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार तिरंगा घेऊन याच शहरातून निघाला होता. सोबत पोरं होती, घोषणा होत्या, स्पीकर नव्हता. तो आवाज लंडनपर्यंत गेला. आता त्याच रस्त्यांवरून निघालेल्या मिरवणुकीत शेजारच्याचं नाव विचारायला कानाशी तोंड न्यावं लागतं.

सगळा दोष वरातीवर टाकला तर डीजेवाल्यांवर अन्याय होईल, आणि त्यांची संघटना आपल्या संघटनेपेक्षा मोठ्यानं बोलते. तेव्हा बाकीचे आरोपीही हजर करू. पहिला आरोपी कानातला मळ. तो साठून पडद्याला टेकला की कान वाजतो. सर्वांत सोपा इलाज याच आरोपीवर आहे, म्हणून आपण तो स्वतः करायला जातो: काडेपेटीची काडी, केसाची पिन, मोटरसायकलची किल्ली. काडीनं मळ आत ढकलला जातो, पिनेनं पडदा फाटतो, किल्लीनं निदान गाडी तरी सुरू होते. दुसरा आरोपी कान फुटणं. पोराचा कान महिनोन्‌महिने वाहतो आणि घरचे "मोठा झाला की थांबेल" म्हणून वाट बघतात. पोरगा मोठा होतो, कान थांबत नाही. तिसरं वय, त्याच्यावर गुन्हा दाखल करता येत नाही.

चौथा आरोपी पोटापाण्याचा आहे. खान्देशातली कितीतरी घरं सुरतेच्या उधना-लिंबायतेत यंत्रमागांवर जगतात. मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वदच्या पुढे असतो, पाळ्या बारा-बारा तासांच्या असतात आणि कारागीर एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. कामगार कायद्यात आवाजानं येणारा बहिरेपणा हा सरकारला कळवण्याजोगा आजार म्हणून लिहिलेला आहे. कायद्यानं लिहून ठेवलं, मालकानं वाचलं नाही, कामगाराला कुणी वाचून दाखवलं तरी ऐकू येत नाही. यंत्रणा पूर्ण झाली.

पाचवा आरोपी दवाखान्याच्या पिशवीतून येतो. हिवतापावर पूर्वी सर्रास दिलं जाणारं क्विनाइन कान वाजवायचं. ॲस्पिरिनचे मोठे डोस वाजवतात. हट्टी क्षयावरची कॅनामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं केसपेशी मारतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ पासून त्या क्षयासाठी तोंडानं घ्यायच्या औषधांना पुढे केलं आणि कॅनामायसिनला घरी पाठवलं. याचा अर्थ औषध आपल्या मनानं बंद करणं असा नाही. कान वाजायला लागला हे डॉक्टरला त्याच आठवड्यात सांगणं, असा आहे. आणि या जिल्ह्याला खास लागू असलेली गोष्ट म्हणजे रक्त. रक्त कमी असलं की हृदय जोरात पंप करतं आणि नाडीच्या ठेक्यावर कानात हुश्श-हुश्श ऐकू येतं. सिकलसेल तर आतल्या कानाचा रक्तपुरवठाही अडवतो. तेव्हा बाई पांढरीफटक दिसतेय, धाप लागतेय आणि कान नाडीबरोबर वाजतोय, तर भगताकडे नेण्याआधी हिमोग्लोबिन बघा.

उपचाराचं काय? इथे बाजार भरतो. "सात दिवसांत कानातला आवाज बंद", पैसे परत, कुरिअर मोफत. कढवलेलं लसणाचं तेल, अमुक अर्क, तमुक चुंबक. तेलाचा मान फार जुना आहे. बीथोव्हेननं १८०१ मध्ये डॉक्टर मित्राला पत्रात कळवलं होतं की कान रात्रंदिवस वाजतात. त्याच्या वैद्यानं बदामाचं तेल देऊन पाहिलं. बीथोव्हेन बहिरा झाला आणि बदाम महाग झाले. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये स्पष्ट लिहिलं की जिंको, झिंक, मेलाटोनिन यांसारख्या पूरक गोळ्या यासाठी देऊ नका. आपल्याकडे हमखास लिहून मिळणारी बीटाहिस्टिन चक्करेसाठी असते. अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ती कानातला आवाज कमी करते असा पुरावा मिळाला नाही. गोळी घेतल्यावर बरं वाटलं असेल, तर ते बिल भरल्यावर वाटतं तेवढंच.

खरा इलाज जाहिरातीत येत नाही, कारण तो कंटाळवाणा आहे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं. मळ असेल तर तो काढतील, जंतुसंसर्ग असेल तर औषध देतील, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करतील. ऐकणं कमी झालं असेल तर कानाचं मशीन. बाहेरचा आवाज पुन्हा नीट पोचू लागला की मेंदू बऱ्याचदा आतलं बटण खाली आणतो. पण आपल्याकडे चष्म्याला बुद्धीची खूण मानतात आणि मशीनला म्हातारपणाची. त्यामुळे आबा आयुष्यभर "काय?" म्हणतील, पण मशीन लावणार नाहीत. ज्यांचा आवाज जातच नाही, त्यांना विचारांची आणि झोपेची सवय बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत आहे. आवाज तसाच राहतो, त्याचा जाच कमी होतो, आणि आजवर सर्वांत भक्कम पुरावा या पद्धतीच्याच बाजूनं आहे. हे ऐकून "मला काय वेड लागलंय?" असं विचारणाऱ्यांनी वरातीतला आपला नाच पुन्हा बघावा.

एक गंमत. १९५३ मध्ये दोघा अमेरिकन संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ऐंशी जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना कसले ना कसले आवाज ऐकू आले. संपूर्ण शांततेत कान कुणाचाही वाजतो. म्हणून ज्याला त्रास आहे त्यानं रात्री दारं-खिडक्या लावून मुकाट पडून राहू नये. पंख्याची घरघर, हळू लावलेला रेडिओ, पावसाचा आवाज, काहीही चालेल. कानातल्या डीजेला शांततेचा मंच द्यायचा नाही.

थांबायचं नाही अशा चार गोष्टी मात्र पाठ करा. एका कानानं अचानक ऐकू येणं बंद झालं, आवाज एकाच कानात येतोय, तो नाडीच्या ठेक्यावर वाजतोय, किंवा सोबत चक्कर येते अथवा तोंड वाकडं होतंय. पहिल्या प्रकारात तर स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो. "लग्न उरकलं की दाखवू" म्हणाल, तर दाखवायला कान उरणार नाही.

हाच तो जिल्हा, जिथे २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. सरकारनं दहा बोटं मोजली, दोन बुबुळं मोजली, फोटो काढला. कान मोजायचे राहिले. तिकडे सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं एकमेकांना कशी भिडतात यावर रसिक किंमत वाढवत नेतात. घोड्याचा कान पारखणारा माणूस स्वतःचा कान फुकटात देऊन येतो. घोड्याला निदान आवाज नको असला की तो कान मागे पाडतो. आपल्याला ती सोय नाही, आणि लाजही नाही.

कान वाचवण्याचा खर्च बघा. फोमचे बोळे, किंमत चहा-वड्याची. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुलेपर्यंत धरायचे. नीट बसले तर वीसेक डेसिबल कमी होतात. साधा कापूस मनाच्या समाधानाचा आहे. स्पीकरपासून लांब राहा, अधूनमधून बाजूला व्हा, लेकरू खांद्यावरून खाली घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी नियम सुचवले: सरासरी शंभर डेसिबलच्या आत, कान मोकळा करायला शांत जागा आणि मागेल त्याला कानाचे बोळे. तिला आपल्या मानपानाची माहिती नसावी, नाहीतर काम सोपं झालं असतं. आपण पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतो, तो टॉवेल पुढच्या लग्नात दुसऱ्याला जातो, टोपी कुणी घालत नाही. त्याऐवजी प्रत्येक पाहुण्याच्या हातावर बोळ्यांची एक जोडी ठेवा.

व्याही रुसतील? रुसू द्या. निदान त्यांचं रुसणं तुम्हाला ऐकू तरी येईल.